पुढचं चाक कुणाचं

सौसर येथील कुमारी प्रज्ञा सुखदेव गजभिये यांना सायकल घ्यायची होती. येथपर्यंत प्रकरण खासगी होते. परंतु दिवाळीनंतरच्या एका सकाळी त्यांनी ‘जागरूक नागरिक सौसर-पांढुर्णा’ या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न टाकला. "खैरटेकडीवरून उतरताना मजा आली पाहिजे. माउंटन सायकलचं कोणतं चाक घेऊ?" आणि प्रकरण सार्वजनिक झाले. सार्वजनिक प्रकरणाला समिती लागते. समितीला सचिव लागतो. तो सचिव मी.

मला सगळे बडेबाबू म्हणतात. मी एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झालो आहे, पण कुठे दोन माणसे वाद घालताना दिसली की माझा हात अजूनही खिशातल्या पेनकडे जातो. पुढे आमच्यावर बरेच आरोप झाले. ते सर्व मी सुरुवातीलाच नाकारतो. आम्ही त्या पोरीचे भलेच करत होतो, आणि भले करताना थोडी मोडतोड व्हायचीच.

खैरटेकडीची वाट आधी सांगून ठेवतो. सौसरच्या कापसाच्या शेतांमागून एक पांदण निघते, सागाच्या झाडांतून टेकडीवर चढते आणि पलीकडे दगडांवरून, मुळांवरून, एका नाल्यातून संत्र्यांच्या बागांत उतरते. बैलगाडी तिथे जेमतेम जाते. गुरे, सरपण आणणाऱ्या बाया आणि प्रज्ञा, एवढ्यांनाच त्या वाटेचे कौतुक. प्रज्ञा पांढुर्ण्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि रविवारी वडिलांची जुनी काळी सायकल घेऊन टेकडी गाठते. गेल्या हिवाळ्यात दगडावर आपटून त्या सायकलचे मागचे चाक वाकडे झाले. सायकल खांद्यावर घेऊन ती घरी आली तेव्हा कोपर फुटलेले होते आणि पोरगी हसत होती, असे तिची आई इंदूबाई सांगतात.

चौकशीसाठी मी तिच्या घरी गेलो, तेव्हा तिने आपली मागणी तोंडी मांडली.

"हप्ताभर मी लोकायचं रक्तच पाहून राहिली, बडेबाबू. रविवारी त्या उतारावर ब्रेक सोडला का पोटात गुदगुल्या होते. बस, तेवढंच पाहिजे मले. होळीपर्यंत वाट चांगली राहते. तेवढ्यात सायकल आली म्हणजे झालं."

"तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हणालो. सरकारी नोकरीत हे वाक्य मी हजारो लोकांना सांगितले आहे आणि त्यांच्यापैकी कोणीही दुसऱ्यांदा विचारायला आले नाही.

पहिली बैठक सौसरच्या केशवरावांच्या शेडमध्ये, संत्र्यांच्या पेट्यांवर बसून झाली. केशवराव हे मोठे बागायतदार असल्यामुळे अध्यक्ष झाले. पांढुर्ण्याहून हार्डवेअरचे दुकानदार गुणवंता आले. प्रज्ञा राहते सौसरला आणि कमावते पांढुर्ण्याला, म्हणून दोन्ही गावांना समान प्रतिनिधित्व देणे भाग होते. प्रज्ञाला लाभार्थी सदस्य म्हणून घेतले. सायकलच्या दुकानाचा मालक रोशन हा तांत्रिक सल्लागार म्हणून आला. त्याचा स्वभाव फार चांगला आहे. त्याला काहीही विचारा, तो "होऊन जाईन, भाऊ" म्हणतो.

"एकोणतीस इंची चाक घ्या," गुणवंता म्हणाले. "मोठं चाक दगडावरून आरामात जाते. लहान चाक दगडाले अडकते."

"साडेसत्तावीस," केशवराव म्हणाले. "लहान चाक चटकन वळते. जंगलात झाडं राहते, सरकत नाई ते बाजूले."

दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि त्यामुळेच वाद मिटण्याची शक्यता संपली. दोघेही मोटारसायकलवर आले होते. केशवराव तर शेडपासून घरापर्यंतही मोटारसायकलनेच जातात, आणि घर शेडला लागून आहे.

तासाभरात दगड आणि झाडे मागे पडली. केशवराव पेटीवरून उठले.

"नवा जिल्हा झाला, तो तुमच्याकडं गेला. कलेक्टर तुमच्याकडं गेला. आता मोठं चाक बी तुमचंच काय?"

"आमी काय जिल्हा खिशात घालून नेला का?" गुणवंताही उठले. "आन् चाक मोठं हाये त त्यात पांढुर्ण्याची काय चूक?"

जत्रेत नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर दगड भिरकावायची या भागाला जुनी सवय आहे आणि अशा वेळी हाताशी काय आहे हे जो तो पाहून घेतो. हाताशी संत्री होती. मी ताबडतोब चहा मागवला आणि तोडगा मांडला. एक चाक एकोणतीसचे, एक साडेसत्तावीसचे.

"होऊन जाईन, भाऊ," रोशन म्हणाला. "मोठं समोर, लहान मागं. बाहेरच्या देशात अशा सायकली चालतेत."

बाहेरच्या देशात जे जाणकारांनी विचार करून केले, ते आम्ही भांडून केले. पण आमचा आनंद चहा संपेपर्यंतच टिकला. लहान चाक म्हणजे सौसरचे चाक मागे जाणार, हे केशवरावांच्या लक्षात आले.

"म्हणजे आमी कायमचे मागंच?"

त्यांनी स्वतःच्याच शेडमधून सभात्याग केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. प्रज्ञा तिथे गेली. तिला अजून सायकल मिळण्याची आशा होती.

"काकाजी, पेडलची ताकद मागच्याच चाकाले जाते. समोरचं निस्तं दिशा दाखवते. गाडी तुमचंच चाक चालवते."

केशवराव खूश होऊन आत आले. पण हे बोलणे गुणवंतांच्या कानावर पडले होते आणि आता ते ओट्यावर जाऊन बसले. पांढुर्ण्याने नुसते मिरवायचे आणि काम सौसरने करायचे, असा अर्थ त्यांनी काढला. बराच वेळ एक आत आणि एक बाहेर अशी बैठक चालली. शेवटी मीच मार्ग काढला. सौसरहून निघताना सायकल सरळ चालवावी, म्हणजे पांढुर्ण्याचे चाक पुढे राहील. परतताना ती उलटी चालवावी, म्हणजे सौसरचे चाक पुढे येईल.

"उलटी?" प्रज्ञा म्हणाली.

"सरावाने जमेल," मी म्हणालो.

तिने मान हलवली. ठराव एकमताने मंजूर झाला.

त्यानंतर टायरचा विषय निघाला. जंगलातल्या वाटेला बटनाचा, म्हणजे अंगावर रबरी उंचवटे असलेला, जाड टायर लागतो आणि त्यात हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे तो दगडाला धरून चालतो, असे प्रज्ञाने सांगितले. तिने हे सगळे वाचून काढले होते. तिच्यात एवढाच दोष होता की ती तयारीने यायची. हवा कमी ठेवायची हे ऐकून शेडमधला प्रत्येक माणूस दुखावला गेला. रोशनने नमुन्यासाठी आणलेले चाक मधोमध ठेवले होते. आमच्याकडे सायकल दिसली की माणूस टायर अंगठ्याने दाबून पाहतो. हा रामराम करण्याचाच एक प्रकार आहे. केशवरावांनी दाबून पाहिले आणि म्हणाले, "हवा कमी हाये." त्यांनी पंप मारला. गुणवंतांनी दाबून पाहिले. सौसरचा माणूस जेवढी हवा भरतो त्यापेक्षा पांढुर्ण्याचा कमी भरेल, हे शक्य नव्हते. मग शेजारचे तुळशीराम काही कामाने आले, त्यांनीही दाबले. पेट्या उचलणाऱ्यांनी दाबले. मीही सचिव या नात्याने दाबले आणि दोन पंप मारले.

टायर फुटला तेव्हा तुळशीरामांच्या हातातला चहा माझ्या धोतरावर आला. शेडबाहेर बांधलेल्या म्हशीने दावे तोडले आणि ती थेट बोरगावच्या रस्त्याला लागली.

"टायरच हलका होता," गुणवंता म्हणाले.

"मी सांगून राहिली होती, हवा जास्त..." प्रज्ञाने सुरुवात केली.

"पोरी, हवा कधी जास्त होत नसते," केशवराव म्हणाले. त्या दिवशी केशवराव आणि गुणवंता यांचे मनापासून एकमत झालेली ही एकच गोष्ट. त्यानुसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चालेल एवढा मजबूत टायर घ्यावा, असे ठरले. रोशन म्हणाला, होऊन जाईन.

आता फ्रेम उरली. प्रज्ञा पाच फूट एक इंच उंच आहे. तिला लहान फ्रेम लागेल, हे रोशनसुद्धा म्हणाला. पण केशवरावांनी दूरदृष्टीने विचार केला होता.

"उद्या लग्न होईन. जावयाले बी सायकल चालवता आली पाहिजे. लहान फ्रेमवर जावई बसला त गुडघे हनुवटीले लागतीन. गावात काय शोभा राहीन?"

"कोणता जावई?" प्रज्ञाने विचारले.

"जो येईन तो."

जो येईल त्याची उंची किती, यावर दोन बैठका झाल्या. सौसर पाच फूट आठवर ठाम होते, पांढुर्णा पाच फूट दहावर. पाच फूट नऊ मंजूर झाले आणि त्या मापाची मोठी फ्रेम मागवली गेली. अस्तित्वात नसलेल्या माणसाचे माप घेऊन इतके अचूक काम मी माझ्या सेवाकाळातही पाहिले नव्हते.

त्यातून एक वेगळीच अडचण उभी राहिली. लोधीखेड्याहून प्रज्ञासाठी एक स्थळ आले. मुलगा शिक्षक होता, निर्व्यसनी होता आणि मुख्य म्हणजे प्रज्ञाला तो आवडला. पण तो निघाला पाच फूट सहा. तिचे वडील सुखदेवभाऊ बिचारे माझ्याकडे आले. आयुष्यभर दुसऱ्याच्या बागेत राबलेला माणूस, समितीला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"बडेबाबू, पोरगा चांगला हाये हो. फ्रेम बदलवता नाई येत का?"

"ऑर्डर गेली आहे, सुखदेवभाऊ."

त्यांनी लोधीखेड्याला नकाराचा निरोप पाठवला. ही हकीकत प्रज्ञाला समजली तेव्हा ती माझ्या घरी आली आणि मोठ्याने बोलली. शेजारी ऐकत होते म्हणून ते शब्द मी इथे देत नाही. तिने त्या शिक्षकाला स्वतः फोन केला, आणि फोनवर ते दोघे बराच वेळ हसत होते म्हणतात. समितीची त्यास मंजुरी नव्हती.

इंदूबाईंनी फक्त कॅरियर मागितले. कॅरियर नसलेल्या सायकलवर किराणा कसा आणायचा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. कॅरियर आले म्हणून स्टँड आले, स्टँड आले म्हणून मडगार्ड आले. पुढचे शॉकॲब्सॉर्बर दाबले की हलतात हे पाहून गुणवंतांनी नवी गाडी ढिली दिल्याबद्दल रोशनला झापले आणि आपल्या दुकानातून दोन पट्ट्या आणून ते नटबोल्टने घट्ट आवळले.

सायकल तयार झाली तेव्हा थंडी ओसरू लागली होती. शेडच्या ओट्यावर चढून प्रज्ञा सीटवर बसली. तिचे पाय पेडलला टेकत होते, पण पेडल वर आले असेल तेव्हाच. जमिनीला ते टेकत नव्हतेच. चार माणसांनी धरून तिला अंगणात एक फेरी मारायला लावली. ती फेरी छान झाली. उतरायची वेळ आली तेव्हा ओटा मागे राहिला होता.

"ओट्याशिवाय उतरता येत नाई," ती म्हणाली. "टेकडीवर ओटे कुठून आणू?"

हे ती चिडून म्हणाली होती. परंतु समितीने ते सूचना म्हणून घेतले.

टेकडीवर ठिकठिकाणी ओटे बांधावेत, असा अर्ज मी त्याच दिवशी केला. ओटे बांधायचे तर सामान न्यायला ट्रॅक्टर लागेल. ट्रॅक्टर न्यायचा तर वाट रुंद हवी. वाट रुंद करायची तर दगड आणि मुळे काढावी लागतील. ती काढली तर धूळ होईल, म्हणून सिमेंट. त्या पांदणीसाठी शेतकऱ्यांनी कित्येक वर्षे अर्ज केले होते. पावसाळ्यात संत्र्याची गाडी फसते, माणसे आजारी पडली तर खाटेवर न्यावी लागतात, असे काहीबाही त्यात लिहिलेले असायचे. अशा कारणांसाठी कुठल्याच योजनेत तरतूद नव्हती. मी मात्र अनुभवी माणूस. मी लिहिले, ‘युवतींसाठी साहसी सायकल ट्रेलचा विकास’. फाईल कुठेही थांबली नाही. वरच्या कार्यालयातून मला फोन आला की अशाच आणखी दोन-चार टेकड्या असतील तर कळवा.

जेसीबी आला. वाटेतले सगळे दगड निघाले. नाल्यावर पाइप टाकून तो बुजवण्यात आला. उताराचा चढउतार काढून तो एकसारखा करण्यात आला. टेकडीचा माथा अडचणीचा होता, म्हणून तो थोडा कमी करण्यात आला. शेवटी पांढरेशुभ्र सिमेंट पडले. उतारावर सायकलचा वेग वाढून मजेचा अतिरेक होऊ नये, म्हणून दर काही अंतरावर स्पीडब्रेकर टाकले आणि फलक लावला, ‘मजा घ्या, सावकाश घ्या’. फलकावरचा मजकूर माझाच आहे.

या सगळ्यात पुढच्या चाकाचा मान कुणाचा, हा वाद आपोआप सुटला. आता त्या रस्त्यावरून कोणतेही चाक चालत होते. केशवराव आणि गुणवंता एकमेकांना मिठी मारून रडले. मलाही गलबलून आले. दोन गावांना जोडणारे काम आपल्या हातून झाले, असे मला मनापासून वाटले आणि आजही वाटते.

होळीच्या आधी उद्घाटन ठरले. मंडप पडला. सायकलला झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू लावले, नारळ फोडला. प्रज्ञाने फीत कापून उतारावरून पहिली खेप करायची होती. ती त्याआधी बऱ्याच दिवसांत टेकडीवर आली नव्हती. लॅबमध्ये डबल ड्युटी लागली होती म्हणे. ती मंडपात आली आणि उभी राहिली. खाली जिथे नाला होता तिथे सुकवायला तूर पसरली होती. पुढच्या वळणावर कोणी तरी सरकीचे ढीग घातले होते. त्याच्याही पुढे दोन ट्रॅक्टर आडवे लावून मंडळी पत्ते खेळत होती, कारण तालुक्यात इतकी सपाट जागा दुसरी नव्हती.

"इथं मुळं होती," ती म्हणाली.

"काढली," केशवराव कौतुकाने म्हणाले. "एक बी नाई ठेवलं."

"नाला?"

"बुजवला. आता तुहे पाय ओले होत नाई."

माईक तिच्या समोर धरलेला होता. लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत होते.

"काकाजी, मी चाक विचारलं होतं. तुम्ही माही टेकडीच नेली." ती रडत होती आणि डोळे पुसायचे तिच्या ध्यानातही नव्हते. "मले तिथं बरं वाटे हो. सहा दिवस मी त्या एका उताराची वाट पाहो. लय वाईट केलं तुम्ही. लय वाईट."

मग मी पुढे होऊन टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. कार्यवृत्तात मी नोंद केली, ‘लाभार्थींनी साश्रू नयनांनी आभार मानले.’

ती सायकल सध्या केशवरावांच्या शेडमध्ये छताला टांगलेली आहे. कॅरियरवर चिमण्यांनी घरटे केले आहे. प्रज्ञा ग्रुपमधून बाहेर पडली. तिने नागपूरला जाऊन कोणालाही न विचारता एक सायकल आणली, एवढे कळले आहे. रविवारी पहाटे ती निघते आणि दुपारी कानापर्यंत चिखलाने माखून, एकटीच हसत परत येते. एकदा मी रस्त्यात तिला अडवून चाकाचे माप वाचायचा प्रयत्न केला, पण चिखलामुळे वाचता आले नाही. कुठे जातेस, विचारले, तर म्हणाली, "नाई सांगत." मला, बडेबाबूंना! माणूस दुसऱ्याच्या मजेसाठी एवढा झिजतो आणि मग हे ऐकतो.

असो. इथवर वाचता वाचता एकोणतीस की साडेसत्तावीस, याचा निकाल तुम्हीही मनात लावून टाकला असेल. हवेचे काय करायला हवे होते, लोधीखेड्याचा शिक्षक चालला असता का, यावरही तुमचे मत तयार असेल. ते चांगलेच असणार. तिला स्वतःला कोणते चाक आवडले होते, हे तिला कोणी विचारले का, असे मात्र तुमच्या मनात एकदाही आले नसेल, तर माझा नंबर रोशनच्या दुकानात मिळेल. समितीत एक जागा रिकामी आहे. प्रज्ञाची.